देवाच्या नावाची हद्द

इ. स. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडले आणि टिपूचा मुलूख कंपनी सरकारच्या व तिच्या दोस्तांच्या ताब्यात आला. या नव्या मुलखात काय पिकते, काय विकते आणि रयतेवर सारा किती बसू शकेल, याची बारकाईने पाहणी करण्याचे काम गव्हर्नर जनरल वेलस्लीने फ्रान्सिस बुकॅनन या पेशाने डॉक्टर पण वनस्पतिशास्त्रात मुरलेल्या स्कॉटिश गृहस्थाकडे सोपवले. १८०० सालच्या उन्हाळ्यात मद्रासहून निघालेला हा गृहस्थ बंगळूर, म्हैसूर, मलबार असा मुलूख तुडवीत कारवारच्या बाजूस पोचला, तेव्हा तेथली राने त्या त्या गावच्या ग्रामदेवतेच्या मालकीची मानली जातात असे त्याच्या ध्यानात आले. झाड तोडायचे तर गावच्या गौडाची, म्हणजे वंशपरंपरेने पाटीलकी व देवाचे पुजारीपणही सांभाळणाऱ्या इसमाची, संमती घ्यावी लागे. या संमतीबद्दल देवाला काहीच अर्पण करावे लागत नसे. मात्र न विचारता कुऱ्हाड चालवणाऱ्यावर देवाचा कोप झाल्यावाचून राहत नाही, अशी लोकांची खात्री होती. इतके सारे प्रामाणिकपणे टिपून घेतल्यावर बुकॅननने एका वाक्यात निकाल देऊन टाकला, की या मालमत्तेवर सरकारने हक्क सांगू नये म्हणून लोकांनी रचलेली ही निव्वळ एक युक्ती आहे. त्याच्या प्रवासवृत्ताचे तीन खंड १८०७ साली लंडनमध्ये छापून निघाले आणि तो निकाल सरकारी दफ्तरात कायमचा दाखल झाला.

पावणेदोनशे वर्षांनंतर ज्या माणसाने हा उतारा पुन्हा उजेडात आणला आणि त्यातील निकालाचा आपल्या शास्त्राच्या अंगाने फेरविचार केला, तो बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेत काम करणारा एक मराठी उत्क्रांतिशास्त्रज्ञ होता. माधव गाडगीळ हे नाव महाराष्ट्रात आज बहुतेकांना ठाऊक आहे ते पश्चिम घाटाविषयीच्या त्यांच्या अहवालामुळे. दरड कोसळली, महापूर आला, की वर्तमानपत्रांना त्या अहवालाचे स्मरण होते. परंतु या स्मरणामागे आपल्या नुकसानीखेरीज दुसरा विचार नसतो, आणि म्हणून मला ते अपुरे वाटते. त्या अहवालाच्या पाठीमागे चार दशकांचे जे चिंतन आहे, त्याच्या मुळाशी धर्मविचारातला एक अत्यंत जुना प्रश्न उभा आहे: माणूस स्वतःच्या हाताला आवर घालतो तो कशाच्या बळावर? देवाच्या भयाने, लाभाच्या हिशेबाने, की या दोहोंहून निराळ्या एखाद्या जाणिवेने?

गाडगीळांचा जन्म १९४२ सालचा, पुण्याचा. वडील धनंजयराव अर्थशास्त्रज्ञ, आणि शेजार मानवशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्व्यांचा. तेव्हा माणसांचे व्यवहार आणि रानातले व्यवहार यांच्यामध्ये भिंत असते असे मानण्याचे कारणच या मुलाला लहानपणी मिळाले नाही. पुढे हार्वर्डला जाऊन त्यांनी गणिती जीवशास्त्राचा अभ्यास केला, आणि विल्यम बॉसर्ट यांच्याबरोबर १९७० साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या निबंधाची गणना त्या शास्त्रातील पायाभूत लेखनात होते. प्राणी किंवा वनस्पती आपली मर्यादित शक्ती वाढीवर किती, तग धरण्यावर किती आणि प्रजोत्पादनावर किती खर्च करते, आणि काही जाती जन्मात एकदाच फळून मरतात तर काही वर्षानुवर्षे थोडे थोडे फळत राहतात, हे का घडते, असा त्या निबंधाचा प्रश्न होता. निसर्गनिवडीच्या दृष्टीने पाहिले तर प्रत्येक जीव हा एक कसलेला कारकून आहे; त्याची एक पैही उगाच खर्ची पडत नाही. अशा काटेकोर हिशेबी दृष्टीचा तरुण १९७१ साली स्वदेशी परतला, पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांच्यासमवेत सह्याद्रीत हिंडू लागला, आणि तेथे त्याची गाठ पडली ती सगळे हिशेब बाजूला ठेवून राखलेल्या देवरायांशी.

देवराई म्हणजे काय हे मावळात किंवा कोकणात ज्याचे बालपण गेले त्याला सांगण्याची गरज नाही. पण शहरात वाढलेल्या वाचकासाठी दोन शब्द लिहायला हवेत. उघड्याबोडक्या डोंगरउतारावर मध्येच एक काळोखी हिरवा तुकडा दिसतो. आत शिरल्यावर पायाखाली वर्षानुवर्षांच्या पाचोळ्याची गादी, माथ्यावर आभाळ न दिसू देणारी झाडी, माणसाच्या मांडीएवढ्या जाडीच्या गारंबीसारख्या वेली, आणि मधोमध पाहावे तर शेंदूर माखलेला एखादा अनघड तांदळा, त्याच्यावर ना छप्पर ना कळस. काळकाई, वाघजाई, म्हसोबा, शिरकाई अशा देवतांची ही वतने. येथली पडलेली फांदीही घरी न्यायची नाही असा काही ठिकाणचा दंडक, तर काही ठिकाणी गावकीच्या कामापुरते एखादे झाड देवाला कौल लावून घ्यायची वहिवाट. कौलाच्या वेळी गुरव देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या किंवा तांदूळ चिकटवतो, गाऱ्हाणे घालतो, आणि सारी गावकी श्वास रोखून पाहत उभी राहते, की पाकळी उजवीकडची पडते की डावीकडची. डावी पडली तर कुऱ्हाड खांद्यावर टाकून माणसे परत फिरतात. वासा नसल्याने घराचे पाखे पावसात गळत राहिले तरी चालेल. पण कौल झाला नाही म्हणजे नाही.

गाडगीळ व वर्तक यांचे देवरायांवरील निबंध १९७५ व १९७६ साली प्रसिद्ध झाले. त्या हिंडण्यातला एक प्रसंग फार बोलका आहे. श्रीवर्धन तालुक्यातील गाणी या गावची देवराई तोडीसाठी निघाली तेव्हा गावकऱ्यांनी या संशोधकांकडे धाव घेतली आणि सांगितले, की राई गेली तर खालचा ओढा आटेल व गावाचे पाणी जाईल. म्हणजे ज्यांना आपण अंधश्रद्ध म्हणून मोडीत काढतो त्यांना राईचे प्रयोजन उत्तम ठाऊक होते. मग ते देवाचे नाव का घेत होते? बुकॅननला विचारले असते तर तो म्हणाला असता, पाहा, मी म्हटले नव्हते का? युक्तीच ती. आणि आपल्याकडचा एखादा कडवा सुधारक म्हणाला असता, की पाण्याचे कारण ठाऊक असताना शेंदराची गरज काय? दोघांचेही म्हणणे वरवर बिनतोड आहे. मात्र दोघांच्याही नजरेतून एक गोष्ट निसटते, आणि ती दाखवून देण्याचे श्रेय, आश्चर्य वाटेल पण, उत्क्रांतिशास्त्राला जाते.

ती गोष्ट अशी. निसर्गनिवड संयमाला अनुकूल नसते. एका कुरणावर दहाजणांची गुरे चरत असतील आणि नऊजणांनी हात आखडता घेतला, तर दहावा मनसोक्त चारून घेईल आणि त्याचीच भरभराट होईल. गॅरेट हार्डिनने १९६८ साली सामायिक मालकीच्या शोकान्तिकेविषयी जे लिहिले त्याचा मथितार्थ हाच. तरीही माणसांनी जगभर ठिकठिकाणी संयम पाळलेला दिसतो. हे कसे शक्य झाले असावे याचा विचार गाडगीळांनी १९८५ सालच्या एका निबंधात केला, आणि त्याला त्यांनी विवेकी उपभोगाच्या सांस्कृतिक उत्क्रांतीचे स्वरूप दिले. त्यांचा मुद्दा असा, की जेथे एखाद्या समूहाची हद्द ठरलेली असते, बाहेरच्याला तेथे मज्जाव करण्याचा अधिकार त्याच्या हाती असतो, आणि आपली नातवंडेही याच हद्दीत नांदणार ही खात्री असते, तेथेच संयमाचे फळ संयम करणाऱ्याच्या पदरात पडते, आणि तेथेच तो रुजतो. पुढे १९९१ साली न. वि. जोशी यांच्याबरोबर त्यांनी एक गणिती विवेचन मांडले. रानात किती सांबरे आहेत, डोहात किती मासे आहेत, हे ज्याला नेमके ठाऊक नाही, त्याने ‘यंदा इतकेच मारावे’ असा कोटा ठरवणे म्हणजे अंधारात तीर मारणे होय; त्यापेक्षा रानाचा किंवा नदीचा एक तुकडा सर्वस्वी अस्पर्श ठेवून बाकीच्यात हवे ते करणे हा नियम अज्ञानातही टिकतो. त्याला मोजदाद लागत नाही, तज्ज्ञ लागत नाही, लबाडी झाली तर ती शेंबड्या पोरालाही दिसते. शृंगेरीच्या मठापाशी तुंगा नदीतल्या माशांना हात लावायचा नाही, महाडजवळच्या वाळण कोंडीतल्या माशांना फक्त चुरमुरे घालायचे, हा नियम नेमका या जातीचा आहे.

येथे मला मीमांसकांचा विवेक आठवतो. त्यांनी कर्मांचे काम्य आणि नित्य असे भेद केले. पुत्र हवा, पाऊस हवा म्हणून केलेले ते काम्य. फल मिळो न मिळो, जे करावेच लागते आणि न केल्यास प्रत्यवाय घडतो ते नित्य. काम्य कर्माला माणूस केव्हाही विटू शकतो, कारण फलाहून मोठे फल दुसरीकडे दिसले की त्याची पावले तिकडे वळतात. देवराईच्या निषेधाचे स्वरूप बुकॅननने स्वतःच नोंदवले आहे: परवानगीबद्दल देवाला काही मिळत नाही, पण न विचारल्यास कोप होतो. नित्य कर्माचे याहून नेमके लक्षण कोणता मीमांसक करील? लाभासाठी रचलेल्या युक्तीत रचणाऱ्याचा काही वाटा असतो. येथे देव काहीच घेत नाही. ज्याच्याकडे परवानगी मागायची त्याचा हो म्हणण्यात कसलाच फायदा नाही, अशी व्यवस्था राज्यकर्त्यांच्या कोणत्याही कचेरीत आजवर बसवता आलेली नाही. आणि पाण्याचे कारण माहीत असूनही गाणीच्या लोकांनी देवाचे नाव का सोडले नाही, याचेही उत्तर यातच आहे. पाणी हे कारण काम्य आहे. उद्या नळयोजना आली की ते संपते. राईला नळयोजनेनंतरही उभे राहायचे असेल, तर तिचा निषेध पाण्याच्या हिशेबापासून अलग, हिशेबाच्या पलीकडच्या जागी रोवलेला असावा लागतो.

हिशेबी सरकार आणि जाणता गाव यांच्यामधला हा फरक गाडगीळांना पुढे कर्नाटकात फार जवळून पाहायला मिळाला. १९७३ साली ते बंगळूरच्या विज्ञान संस्थेत आले. १९८३ साली तेथे परिसर विज्ञानाचे केंद्र उभे राहिले ते त्यांच्या पुढाकाराने. मधल्या काळात कर्नाटक सरकारने त्यांच्यावर बांबूच्या अभ्यासाचे काम सोपवले. दांडेलीच्या कागद गिरणीला नाममात्र दराने बांबू मिळत होता, टोपल्या-सुपे विणून पोट भरणाऱ्या मेदारांना व बुरुडांना बाजारभावाने तो परवडत नव्हता, आणि रानातली बेटे झपाट्याने विरळ होत होती. दोष कोणाचा? वनखात्याने बोट दाखवले ते गावकऱ्यांकडे व त्यांच्या गुरांकडे. गाडगीळ व त्यांचे सहकारी रानात जाऊन बसले तेव्हा त्यांना निराळे दिसले. कळकाच्या बेटाच्या बुडाशी आडव्यातिडव्या काटेरी फांद्यांचे एक जंजाळ असते. कापणी सुलभ व्हावी आणि बेटाची दाटी कमी व्हावी म्हणून वनखात्याच्या शिस्तीनुसार हे जंजाळ साफ केले जात होते. गावकरी म्हणत, साहेब, ते काटे काढू नका. पावसात कोंब त्यांच्याच आडोशाने वर येतात. काटे निघाले की कोवळे कोंब गुरांच्या, साळिंदरांच्या तोंडी सापडत आणि बेट म्हातारे होऊन संपे. मोजमापांती गावकऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. देवराईचा निषेध हा मला या काट्यांसारखा वाटतो: बाहेरून येणाऱ्या शिस्तप्रिय नजरेला तो अडगळ दिसतो, आणि त्याच्या आड जे वाढत असते ते त्या नजरेला दिसतच नाही.

इतके म्हटल्यावर एका धोक्याची सूचना देणे मला कर्तव्य वाटते, कारण या वाटेने चालणारे पुष्कळ भाविक लेखक त्यात सापडले आहेत. एखादी रूढी टिकली, आणि टिकण्याला काही परिसरीय कारण सापडले, म्हणून ती रूढी शुद्ध ठरत नाही. गाडगीळांनी कैलाश मल्होत्रा या मानवशास्त्रज्ञांबरोबर १९८३ साली जातिव्यवस्थेच्या परिसरीय अंगाविषयी लिहिले. एकाच माळरानावर भटकणारे नंदीवाले कुत्र्यांच्या साहाय्याने शिकार करतात, फासेपारधी फास लावून हरणे व पाखरे पकडतात, वैदू सापळ्यात उदमांजर-मुंगुसासारखी लहान जनावरे धरतात. म्हणजे तिघांनी शिकार आपसांत वाटून घेतली आहे, आणि त्यामुळे कोणा एका जनावरावर साऱ्यांचा मारा होत नाही, असे त्यांनी दाखवून दिले. निरीक्षण म्हणून ते मोलाचे आहे. परंतु यावरून जर कोणी असा अर्थ काढील, की ज्या व्यवस्थेने वैदूच्या पोराला वैदूच ठेवले ती व्यवस्था इष्ट होती, तर त्याने ‘आहे’ आणि ‘असावे’ यांच्यातला सांधा बेकायदा ओलांडला असे म्हणावे लागेल. देवरायांनाही हीच कसोटी लागू आहे. काही राया अशा आहेत जेथे स्त्रियांना पाऊल टाकण्याची बंदी आहे. ही बंदी मोडल्याने एकही झाड वाळणार नाही, आणि ती मोडावी असेच माझे स्पष्ट मत आहे. उत्क्रांतीने निषेधाची उत्पत्ती सांगता येते. त्याचे प्रामाण्य सांगता येत नाही. लोकमान्यांनी गीतारहस्यात आधिभौतिक सुखवादाची जी झडती घेतली, तिचे मर्म हेच होते, की बाह्य परिणामांची बेरीज कितीही अचूक केली तरी त्यातून कर्तव्याची बुद्धी निपजत नाही.

मग प्रामाण्य कशात शोधायचे? काहीजण ते डार्विनच्याच शिकवणीत शोधू पाहतात. सर्व जीव एकाच मूळ पुरुषापासून उपजले, सबब सारे आपले सोयरे, आणि सोयऱ्यांना मारू नये, असा तो युक्तिवाद. वंशवृक्षाचे सत्य मला मान्य आहे, आणि त्याने मन विशाल होते हेही मान्य आहे. पण सोयरिकीने दया उपजतेच असे रानातले वर्तन सांगत नाही. बंगळूरच्या परिसर विज्ञानाच्या याच केंद्रात रेनी बोर्जिस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी उंबर व त्याच्या कीटकांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला आहे. नरसोबाच्या वाडीला प्रदक्षिणा घालणाऱ्या भक्ताला ज्या औदुंबराखाली शांती लाभते, त्याच्या एकेका फळात काय चालते ते पाहावे. तीळभर आकाराची मादी चिंचोळ्या मुखातून आत घुसते. घुसताना तिचे पंख झडतात. आतल्या इवल्या फुलांना पराग लावून, त्यांतच अंडी घालून ती तिथेच मरते. तिची पिले आत वाढतात. नरांना पंख येतच नाहीत. ते मादीशी समागम करतात, बाहेर पडण्यासाठी फळाच्या भिंतीला भोक पाडतात आणि जगाचे तोंड फारसे न पाहता संपतात. माद्या परागांचे ओझे घेऊन दुसऱ्या झाडाकडे उडतात. त्यातच बाहेरून लांब सुईने भोसकून अंडी घालणारे परपोशी कीटकही असतात, ते घरच्या पिलांच्या जिवावर वाढतात. या व्यवहारात करुणेचा लवलेश नाही. आणि तरीही, रानात दुसरे काही फळत नसते त्या दिवसांत या झाडांच्या फळांवर धनेश, तांबट, वटवाघळे, माकडे जगतात. एक उंबर पडला तर त्याच्याबरोबर अनेकांचे अन्न जाते. वड, पिंपळ, उंबर या एकाच कुळातल्या वृक्षांवर आपल्या पूर्वजांनी देवत्व ठेवले, याकडे गाडगीळांनी वारंवार लक्ष वेधले आहे. निसर्ग स्वतः दयाळू नाही. म्हणून दया करण्याची जबाबदारी निसर्गावर ढकलता येत नाही. ती करणारा एकच प्राणी आहे, आणि त्याला ती व्रत म्हणूनच करावी लागते.

परंतु व्रत देवाच्या नावाने घेतले म्हणजे ते आपोआप टिकते, हा भ्रमही टाकून दिला पाहिजे. देवरायांवर कुऱ्हाड चालवणाऱ्यांत गिरण्या, ठेकेदार आणि वनखाते जसे होते, तसे भक्तही होते आणि आजही आहेत. ज्या देवाला छप्पर मानवत नाही अशी पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत होती, त्याच्यासाठी आता सिमेंटचा सभामंडप, फरशी आणि कमान उभी राहते, आणि जीर्णोद्धाराच्या खर्चाला राईतलीच झाडे विकली जातात. कोडगूमध्ये देवरकाडूंची, म्हणजे तिकडच्या देवरायांची, संख्या आजही बाराशेच्या घरात सांगितली जाते, पण १९०५ ते १९८५ या ऐंशी वर्षांत त्यांचे क्षेत्र निम्म्याहून अधिक घटले. पुष्कळ ठिकाणी देव जागेवर आहे आणि त्याच्याभोवती कॉफी आहे. खुद्द बंगळुरात मल्लेश्वरम ही जी वस्ती आहे, ती ज्या देवामुळे वसली त्याला काडु मल्लेश्वर, रानातला मल्लेश्वर, म्हणतात. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू एकोजीराजे यांनी १६६९ साली या देवाला गाव इनाम दिल्याचा शिलालेख तेथे आहे. देऊळ उत्तम स्थितीत आहे, पूजाअर्चा यथासांग चालते, उत्सवाला गर्दी लोटते. रान मात्र कधीच नाहीसे झाले. भक्ती वाढली आणि व्रत बुडाले, असे होऊ शकते. शहरातल्या अश्वत्थकट्ट्यांवर, पिंपळ-कडुलिंबाच्या जोडीखाली मांडलेल्या नागशिळांना आजही पहाटे हळदकुंकू वाहिले जाते, आणि रस्तारुंदीच्या वेळी नागशिळा सन्मानाने हलवून झाड तेवढे तोडता येते, असा तोडगाही निघतो. अशा तोडग्याने देवाचा मान राहतो, आणि ज्या हद्दीसाठी देव तेथे बसवला होता ती हद्द पुसली जाते.

तेव्हा प्रश्न उरतो तो हा, की ज्यांच्या मनातून देवाचे भय गेले आहे, आणि ते जाणे काही अंशी इष्टच होते, अशा आपल्यासारख्यांनी हिशेबापलीकडचा निषेध कोठे रोवावा? एक उत्तर कायद्याचे आहे. २००२ साली जैवविविधतेचा कायदा झाला. त्याच्या घडणीत गाडगीळांचा वाटा होता. या कायद्यान्वये राखलेले देशातले पहिले जैवविविधता वारसा स्थळ बंगळूरच्या अगदी शिवेवर, देवनहळ्ळी तालुक्यातील नल्लूर येथे आहे. ५४ एकरांचे हे चिंचेचे बन २००७ साली वारसा म्हणून जाहीर झाले, आणि त्याच्या दुसऱ्याच वर्षी त्याच तालुक्यात बंगळूरचा नवा विमानतळ सुरू झाला. बनात एका पडक्या देवळाचे दगड आहेत. बुंधे पोकळ होऊन फाटलेल्या आणि त्या फाटीतून पुन्हा नव्याने उभ्या राहिलेल्या चिंचा आहेत. चिंच मूळची आफ्रिकेतली, हे ध्यानात घेतले तर देशी-परदेशीचा वादही येथे फोल वाटू लागतो. भोवतालच्या जमिनीचा भाव पाहता ते बन आज उभे आहे ही गोष्ट लहान नव्हे, आणि कायद्याला त्याचे श्रेय दिलेच पाहिजे. परंतु कायद्याचा निषेध दुरून येतो. अधिसूचना ज्या लेखणीने निघते त्याच लेखणीने ती मागे घेता येते, आणि ती मागे घेतली जात असताना गावाला कोणी विचारीलच असे नाही.

गाडगीळांचे वैशिष्ट्य मला यात दिसते, की त्यांनी गावकऱ्याला देव मानायला सांगितले नाही आणि सरकारलाही देवाच्या जागी बसू दिले नाही. याच कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकांची जैवविविधता नोंदवही यांची तरतूद झाली. कोणत्या ओढ्यात कोणता मासा विणीला येतो, कोणत्या वेलीची साल जनावरांच्या कोणत्या दुखण्यावर चालते, राईची हद्द कोणत्या दगडापासून कोणत्या दगडापर्यंत, हे गावाने स्वतः लिहायचे आणि त्यावर गावानेच ठरवायचे. मार्च २०१० मध्ये केंद्र सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाट परिसर तज्ज्ञ गट नेमला आणि ऑगस्ट २०११ मध्ये त्या गटाने अहवाल दिला, तेव्हा त्यात सबंध घाट संवेदनशील मानून त्याची तीन प्रतींच्या क्षेत्रांत विभागणी सुचवली होती. सर्वांत कडक क्षेत्रात नव्या खाणी नकोत, मोठी धरणे नकोत, असे निर्बंध होते. पण या निर्बंधांहून अधिक महत्त्वाची, आणि टीकाकारांनी सर्वांत कमी वाचलेली, शिफारस अशी होती की ही क्षेत्रे अंतिम नाहीत. अहवाल मराठी, कोकणी, कन्नड, मल्याळम, तमिळ, गुजराती अशा लोकांच्या भाषांत ग्रामसभांपुढे ठेवावा आणि त्यांच्या चर्चेतून हद्दी पक्क्या व्हाव्यात. सरकारने अहवाल दडवून ठेवला. माहिती आयोगाच्या व त्यानंतर दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०१२ साली तो खुला झाला. आणि लगोलग दुसरी समिती नेमली गेली. २०१३ साली आलेल्या कस्तुरीरंगन समितीच्या अहवालाने घाटाच्या सुमारे ३७ टक्के क्षेत्राला संरक्षण सुचवले, तेही उपग्रहाच्या चित्रांवरून. लोकांना विचारण्याचा भाग गळून गेला. गाडगीळांच्या अहवालाला लोकांचा विरोध होता असे सांगितले जाते. लोकांच्या हाती पडण्यापूर्वीच ज्याच्या अफवा गावोगाव पेरल्या गेल्या, त्याला झालेल्या विरोधाचे माप काढणे अवघड आहे. आणि घाटातल्या शेतकऱ्याच्या मनात वनखात्याविषयीची जी भीती पिढ्यान्‌पिढ्या साचली आहे ती खोटी नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. सरकारी निर्बंध म्हणजे रक्षकाची लाच, हा त्याचा अनुभव आहे.

आपल्या काळी खाणीला, धरणाला, गृहसंकुलाला परवानगी मागितली जाते तेव्हा तिच्या परिणामांचा दाखला तयार करणारा सल्लागार परवानगी मागणाऱ्याच्याच पैशाने नेमलेला असतो. ही व्यवस्था बदलावी असे गाडगीळांच्या गटाने लिहिले होते. ज्याला हो म्हणण्यात काही मिळत नाही आणि नाही म्हणण्यात काही गमवावे लागत नाही, अशा कोणाला तरी आधी विचारावे आणि त्याने नकार दिला तर मागे फिरावे, एवढेच कौलाच्या रूढीत शिकण्यासारखे होते. पाकळी त्यात निमित्तमात्र होती. ग्रामसभा देवासारखी निःस्पृह असते असे मी म्हणणार नाही. तिच्यातही सावकार असतो, ठेकेदाराचा मेहुणा असतो. पण नातवंडांसह त्याच हद्दीत राहायचे आहे अशी माणसे तिच्यात बहुसंख्य असतात, आणि बंगळुरात बसून केलेल्या विचाराने संयमासाठी जी अट सांगितली ती हीच होती. घाटातल्या पुष्कळ गावांच्या नोंदवह्या आज कोणा संस्थेकडून ठेक्याने, एकाच नमुन्यावरून भरून घेतल्या जातात, आणि ज्यांच्या नावे त्या लिहिल्या जातात त्या गावकऱ्यांना त्या वाचायलाही मिळत नाहीत. त्या त्यांच्याच हाताने, त्यांच्याच बोलीत पुन्हा लिहिल्या गेल्या पाहिजेत, आणि राईच्या हद्दीच्या पानावर सही करण्यापूर्वी सभेत जो नकार येईल, तो तालुक्याच्या कचेरीने नकार म्हणूनच दाखल करून घेतला पाहिजे.